साडेतीन फुटांचा त्याग

रस्ता हे नगराचे चारित्र्य असते. ते एकदा ठरले की पुढच्या शंभर पिढ्यांना ते बदलता येत नाही.

हे वाक्य माझे नाही. आमच्या नगराध्यक्षांनी ते आमच्या आळीच्या तोंडाशी उभे राहून, गळ्यात झेंडूचा हार घालून उच्चारले, आणि पुढे वर्षभर जिथे जिथे लोक बसलेले सापडतील तिथे उच्चारत राहिले. मी ते आमच्या पडवीत उभी राहून ऐकले आणि मला मनापासून बरे वाटले. अर्थात वाक्यामुळे नव्हे. मला बरे वाटले ते पडवीमुळे. ती जागच्या जागी होती.

चारित्र्याचे म्हणाल तर आमच्या आळीचा रस्ता वर्षातून दोनदा बदलत असे. ज्येष्ठात तो अरुंद होई आणि आश्विनात पुन्हा रुंद होई. शंभर पिढ्या राहू द्या, तो सहा महिने एका मापावर टिकत नसे.

मी घाटावरची, माणदेशातली. लग्न होऊन इथे समुद्रकाठी आले तेव्हा स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षे झाली होती आणि मला मॅट्रिकच्या परीक्षेपुरते जग माहीत होते. यजमान मुंबईला एका पेढीत नोकरीला होते. बोट चालू असली की महिन्या-दोन महिन्यांनी येत. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे तेही बंद. घरात सासूबाई, मामंजी आणि मी. आमची आळी बाजारातून निघून बंदराकडे उतरत असे. दोन्ही बाजूंना दहा-बारा बुटकी कौलारू घरे होती. प्रत्येक घराला रस्त्याच्या बाजूने दगडी ओटा, ओट्यावर पडवी, आणि ओट्याला चिकटून नगरपालिकेचे उघडे गटार.

पहिल्याच वर्षी, वैशाख संपत आला असताना, एक दिवस सकाळी दोन गडी माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा ढीग घेऊन दारात आले. इथे त्यांना झापे म्हणतात. त्यांनी गटाराच्या पलीकडे, चक्क रस्त्यात, ओळीने खड्डे खणले, त्यांत बांबू रोवले आणि छपराच्या कडेपासून त्या बांबूंपर्यंत, दारासमोर जाण्यायेण्यापुरती फट ठेवून, झापे बांधून टाकली. दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत आमच्या घराचे तोंड दिसेनासे झाले होते. समोरच्यांचेही झाले. चार दिवसांत सगळी आळी झापांच्या दोन भिंतींमधली बोळ झाली. इथला पाऊस वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो, हे मला नंतर कळले. झापे नसतील तर पडवीच काय, माजघरातले अंथरूणही भिजते.

झापे आणि ओटा यांच्यामध्ये माणूस जाईल एवढी कोरडी जागा उरे. तिथे लाकडे, छत्र्या आणि शेजारची शेळी असे. गटारही तिथेच, म्हणजे घराच्या आत असे. छपराचे पाणी झापांवरून घसरून बाहेर पडत असल्यामुळे चार महिने गटार कोरडे राही आणि रस्ता वाहत असे. मी वडिलांना पत्रात लिहिले की घर चांगले आहे, मंडळी प्रेमळ आहेत, फक्त पुढची भिंत पाल्याची आहे. त्यांचे उत्तर आले की पाहुण्यांची परिस्थिती इतकी ओढगस्तीची असेल असे बोलण्यात आले नव्हते.

दसऱ्याला झापे उतरली. मी दारात आले आणि बघतच राहिले. रस्ता दुप्पट झाल्यासारखा वाटत होता. सासूबाई म्हणाल्या, "अशी काय उभी राहिलीस? आपलाच रस्ता आहे तो." उतरलेली झापे मागच्या अंगणात रचली गेली आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे पाणी त्यांच्यावर तापले. हा इथला रिवाज आहे. जुने झाप पुढच्या वर्षी कुणी बांधत नाही.

आता मामंजींविषयी. मामंजी अर्ज लिहीत. मामलेदार कचेरीच्या आवारात झाडाखाली बसून अर्ज लिहिणारे चौघे-पाचजण गावात होते, पण मामंजींचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नसे. तरुणपणी ते होडीतून उतरताना पडले होते. कचेरीचा चढ त्यांना चढवत नसे आणि झाडाखाली मांडी घालून बसणे तर शक्यच नव्हते. म्हणून ते घरच्या पडवीत बसत. भिंतीला लोड, पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, आणि पेटीच्या शेजारून सरळ लांब पसरलेला उजवा पाय. पायाचा अंगठा बरोबर ओट्याच्या कडेशी येई. आतल्या गावांतले भातशेती करणारे लोक, बंदरावरचे कोळी, सगळे ओट्यावर बसून आपली हकिगत त्या अंगठ्याला सांगत आणि मामंजी ती कागदावर उतरवीत.

त्यांचे दोन नियम होते. अर्जात खोटे लिहायचे नाही, आणि विचारले नसेल ते लिहायचे नाही. ते म्हणत की पहिला नियम कुणालाही पाळता येतो. दुसऱ्याला अक्कल लागते.

माझ्या लग्नानंतरचे तिसरे वर्ष असेल, नगरपालिकेवर नवे अध्यक्ष आले. वकील होते, मुंबईत शिकलेले, आणि गावाबाहेर नव्या रस्त्यावर सिमेंटच्या बंगल्यात राहत. मुंबईत त्यांनी रुंद रस्ते पाहिले होते आणि ते त्यांच्या मनातून जात नव्हते. आमच्या आळीतून एस.टी. थेट बंदरापर्यंत न्यायची, असे त्यांनी ठरवले. बोटीने उतरून हरिहरेश्वराला जाणाऱ्या यात्रेकरूंना म्हणे त्याने सोय होणार होती. यात्रेकरूंनी असे कधी म्हटल्याचे कुणाला आठवत नव्हते. शिवाय ही घोषणा त्यांना पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनालाच करायची होती. त्यामुळे रस्त्याची मोजणी भर श्रावणात निघाली.

अलिबागहून मोजणीदार आले. मी दारात उभी होते. ते गुडघाभर धोतर वर घेऊन, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मेणकापडात गुंडाळलेले कागद सांभाळत, पट्टेवाल्याला साखळी ओढायला सांगत होते. "अरं ताणून धर की," ते ओरडले, आणि मी एकदम पुढे झाले, कारण तो सूर आमच्याकडचा होता. तीन वर्षांत मी तसे बोलणे ऐकले नव्हते. मी झाप बाजूला करून म्हटले, "भाऊ, तुम्ही कुठले?"

ते माझ्या माहेरापासून तीन कोसांवरचे निघाले. बदली होऊन त्यांना इथे दोन महिने झाले होते आणि त्या दोन महिन्यांत त्यांचे एकही धोतर वाळले नव्हते. मी त्यांना आत बोलावले. झापांच्या आत, ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला.

"ताई, हितं माणसं ऱ्हात्यात तरी कशी?" ते म्हणाले. "ढग घरात शिरतोय."

"होते सवय."

"आमाला न्हाई व्हनार." कप खाली ठेवून त्यांनी झापावर बोटाने टकटक केली. "हे हितपत्तूर तुमचंच न्हवं?"

"आमचंच," मी म्हटले.

ते उठून पुन्हा पावसात गेले, साखळी त्या झापापासून समोरच्या झापापर्यंत ताणली आणि छत्रीखाली काहीतरी लिहून घेतले. मी त्यांच्याकडे अभिमानाने पाहत होते. आपल्याकडचा माणूस सरकारी काम करत होता.

गणपती विसर्जन झाले आणि नोटिसा आल्या. रस्ता अकरा फूट आहे, तो अठरा फूट करायचा आहे. दोन्ही बाजूंच्या रहिवाशांनी सार्वजनिक गटारावर अतिक्रमण करून बांधकाम केले असल्याने प्रत्येक घराचा पुढील साडेतीन फूट भाग काढून टाकण्यात येईल. दिवाळीपूर्वी.

"गटारावर आपण कधी बांधलं हो?" सासूबाईंनी विचारले.

"सरकारी कागदात एखादा आरोप असावा लागतो," मामंजी म्हणाले. "नाहीतर तो घरगुती वाटतो."

मग त्यांनी काठी मागितली. ती त्यांनी पूर्वीच मापून ठेवलेली होती, बरोबर तीन फूट. ओट्याच्या कडेपासून आत एक काठी आणि वर अर्धा फूट मोजून त्यांनी पडवीच्या जमिनीवर खडूने रेघ मारली. ओटा सगळा गेला. रेघ त्यांच्या पेटीच्या मागे, लोडापाशी आली. ते आपल्या जागी बसले, पाय पसरला आणि पाहिले. सगळा पाय रेघेच्या बाहेर, म्हणजे उद्याच्या राजरस्त्यावर होता.

"एस.टी.ला हात दाखवायला नको," ते म्हणाले, "पाय दाखवला की थांबेल." आम्ही कुणी हसलो नाही. त्यांनाही हसायचे नव्हते. कचेरी चढवत नाही, झाडाखाली बसवत नाही, आणि पडवी नाही, म्हणजे काम नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे लोकांची गाऱ्हाणी मांडली त्याला आता माजघरात बसून तांदूळ निवडावे लागले असते. ते बोलून दाखवीत नव्हते, पण ती खडूची रेघ त्यांनी पुसू दिली नाही. मी केर काढताना तिच्या भोवतीने काढत असे.

सगळी आळी अर्ज लिहायला आमच्याकडेच आली. समोरच्या शिंप्याचे शिलाईचे मशीन त्याच्या पडवीत होते. त्याच्या अर्जात मामंजींनी लिहिले की मशीन आत नेले तर उजेड नाही आणि उजेडाशिवाय सुई दिसत नाही. एका घरच्या अर्जात तुळशीवृंदावन आले, एकाच्या आजारी आईची खाट आली. प्रत्येकाचे कारण वेगळे आणि खरे. आपल्या स्वतःच्या अर्जासाठी मात्र त्यांनी तीन कागद घेतले आणि तिन्ही वरच्या ओळीनंतर कोरे राहिले. 'माझा पाय वाकत नाही' हे वाक्य त्यांना लिहिता येईना.

दारावर मासळी घेऊन येणारी कोळीण टोपली उतरवून त्यांच्याकडे बघत बसे. "काय बाबा, सगल्यांचे अर्ज लिवलंस. आपला कदी लिवनार?"

"सुचत नाहीये."

"मी सांगतंय. लिव, ह्यो म्हातारा रस्त्यान बसला तर गारी याच्यावर जाईल आन गारीचा नुस्कान व्हईल."

अर्जांना उत्तर आले ते सगळ्यांना एकच: विचार करता येत नाही. तेव्हा मामंजींनी नियमाप्रमाणे नकाशाच्या नकलेची मागणी केली. करण्यासारखे काही उरले नसले की नक्कल मागावी, ही त्यांची पद्धत होती. निदान पोस्टमन येत राहतो. नवरात्र बसले त्या दिवशी नक्कल आली. मोठा निळा कागद, आणि सगळी नावे इंग्रजीत. मामंजींचे इंग्रजी अर्जापुरते होते, म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला.

मी घरे मोजत गेले. बाजाराच्या टोकाकडून सातवे आमचे. घर ओळखू आले. मागची विहीर होती, न्हाणी होती. पण गटाराची रेघ, जी मोजणीदारांनी कुठल्यातरी जुन्या नकाशावरून जशीच्या तशी उतरवून घेतली होती, ती आमच्या घराच्या पुढून जात नव्हती. ती घराच्या आतून जात होती. शिंप्याच्याही घरातून जात होती. सगळ्या आळीतल्या लोकांनी घरात गटार घेतले होते, आणि त्याच्यापुढे पुन्हा हातभर घर बांधले होते.

मी म्हटले, असे कसे असेल? गटार घरात कसे येईल? आणि लगेच लक्षात आले की ते आत्ताही घरातच आहे. मी मान वर करून पाहिले. पुढ्यात ओटा, मग गटार, मग झापे. झापे अजून बांधलेलीच होती.

"मामंजी," मी म्हटले, "मोजणीदारांनी घर मोजलंच नाही."

"मग काय मोजलं?"

"झापं."

ते सुपारी कातरत होते. अडकित्ता तसाच उघडा राहिला. "परत सांग."

मी परत सांगितले. साडेतीन फूट कापायचे ते झापापासून कापायचे आहेत, आणि झापापासून ओट्यापर्यंत तेवढेच अंतर आहे. नकाशातला तो साडेतीन फुटांचा तुकडा म्हणजे शेळी बांधायची जागा. मग उरलेलेही सांगून टाकले. "चूक माझी आहे. त्यांनी मला विचारलं होतं, इथपर्यंत तुमचंच का म्हणून. मी आमचंच म्हटलं. ते घाटावरचे, त्यांना काय माहीत. मला तरी पहिल्या वर्षी कुठे माहीत होतं? मी सांगायला हवं होतं."

मामंजींनी अडकित्ता मिटला. "झापं कोणाची आहेत?"

"आपली."

"मग बरोबर सांगितलंस."

"तर आता अर्ज करू या ना. चूक झाली आहे, पुन्हा मोजा म्हणून."

"आणि पुन्हा मोजली की काय होईल? झापं उतरल्यावर मोजतील. रस्ता अठरा फूट आहेच असं निघेल. अध्यक्षांनी झेंड्याखाली सांगितलंय की रस्ता रुंद करणार. ते मग अठरावर थांबतील? पंचवीस म्हणतील. तेव्हा मात्र खरी पडवी जाईल." त्यांनी निळ्या कागदाची घडी घातली. "हा कागद कुणाला दाखवलास?"

"कुणाला नाही."

"शिंप्याला सांगायचं नाही. तो भला माणूस आहे. त्याला सांगितलं तर संध्याकाळी बाजारात पेढे वाटेल."

त्या दिवशी त्यांनी चौथा कागद घेतला आणि एका बैठकीत लिहून काढला. 'आपल्या नोटिशीस अनुसरून, सोबतच्या नकाशात आमच्या घराचा म्हणून जो पुढील साडेतीन फूट भाग दाखविला आहे, तो आम्ही दसऱ्याच्या सुमारास स्वतः काढून टाकू. त्याबद्दल आमची कोणतीही तक्रार अगर मागणी नाही.'

"यात एक अक्षर खोटं असेल तर दाखव," ते म्हणाले. मी दोनदा वाचले. नव्हते.

पण तो कागद आपण होऊन बोलू लागेल हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. अध्यक्षांनी तो सभेत मोठ्याने वाचून दाखवला. एक वृद्ध नागरिक पुढे येतो आणि तुम्ही बाकीचे कसले अर्ज करता, असे काहीतरी म्हणाले. दुसऱ्या दिवशी आळीत आमच्याशी कुणी बोलेना. शिंप्याने मशीनची दिशा फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून बसू लागला. ज्यांचे अर्ज मामंजींनी लिहिले होते ते लोक ओट्यावरून जाताना दुसरीकडे बघत. कोळीण मात्र दुसरीकडे बघणाऱ्यांतली नव्हती. तिने टोपली उतरवलीच नाही. उभ्यानेच म्हणाली, "बाबा, गुडगा वाकत न्हाय तुजा. मान बरी वाकली."

मामंजींना ते लागले. मला दिसत होते. पण त्यांनी विचारले नसेल ते सांगायचे नाही हा नियम मोडला नाही. दिवसभर पडवीत पाय पसरून बसत. ओट्यावर कुणी येत नसे.

दसऱ्याला नेहमीचे दोन गडी आले. सासूबाईंना एव्हाना सगळे सांगून झाले होते. त्या पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सावकाश काढा रे. सरकारी काम आहे." गड्यांना काही कळले नाही. त्यांनी नेहमीसारखी झापे खेचून काढली. आळीतही ज्याची त्याची उतरली, नोटिशीशी त्याचा संबंध कुणी जोडला नाही. जो तो आपल्या ओट्यापासून आत साडेतीन फूट मोजून उसासे टाकत होता.

त्यानंतरचे दहा दिवस मला अन्न गोड लागले नाही. रस्ता उघडा पडला होता. अध्यक्ष एकदा जरी आळीतून चालत गेले असते तर त्यांना दिसले असते. सुदैवाने ते आळीत चालत कधीच येत नसत. दुसरी भीती मोजणीदारांची. ते आले आणि त्यांनी मला काही विचारले तर मला खोटे बोलता येणार नव्हते, आणि खरे बोलण्याची सोय नव्हती. पण ते आले नाहीत. त्यांनी घाटावर बदली मागितली होती आणि ती मिळाली होती. मला आनंद झाला, आणि त्यांचे धोतर वाळले असेल या विचाराने आणखी थोडा झाला.

तपासणीला आले ते नगरपालिकेचे ओव्हरसियर. हा माणूस बोर्ली पंचतनचा. म्हणजे जन्मापासून झापांच्या आत पावसाळे काढलेला. त्याला पाहिल्यावर मामंजींनी माझ्याकडे पाहिले. आता सगळे संपले असे मला वाटले.

त्याने आमच्या ओट्यापासून शिंप्याच्या ओट्यापर्यंत फीत ताणली. मग नकाशा उघडला. मग गटाराकडे पाहिले. नकाशाकडे पुन्हा. आळी दारादारात उभी राहून बघत होती. तो फीत गुंडाळत आमच्या ओट्याशी आला.

"अठरा फूट दोन इंच," तो म्हणाला. "काढलंत?"

"काढलं," मामंजी म्हणाले.

"सगळ्यांनी?"

"पाहताच आहात."

ओव्हरसियर खाली बघत होता. गटाराच्या पलीकडे रस्त्यात बांबूंचे खड्डे ओळीने दिसत होते. त्याने चपलेचे टोक एका खड्ड्यात घातले, बाहेर काढले आणि झटकले.

"हे खड्डे बुजवून घ्या," तो म्हणाला. "अध्यक्षसाहेबांची गाडी यायची आहे. चाक जाईल."

"आजच बुजवतो."

"पुढच्या ज्येष्ठापर्यंत बुजलेले राहू देत. मग तुमचं तुम्ही बघा." त्याने वहीत लिहिले आणि आम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचले, "अतिक्रमण दूर झाले. बाकी काही नाही." सासूबाईंनी त्याला कोकमाचे सरबत दिले. तो पडवीत बसला, मामंजींच्या पायाला वळसा घालून.

तो गेल्यावर शिंपी आपल्या ओट्यावरून उतरला. गटारापाशी थांबला, खड्ड्यांकडे पाहिले, आपल्या मशीनकडे पाहिले. एवढ्या वेळात त्याला समजले. तो आमच्याकडे आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते आणि त्याला राग आला होता.

"तात्या, सांगायचं तरी होतंत. मी वीस दिवस तुमच्याकडे पाठ करून शिवलं. तिकडे उजेड नाही. तीन सदऱ्यांच्या बाह्या उलट्या लागल्यात."

"सांगितलं असतं तर?"

शिंप्याने खरोखर विचार केला. "पेढे आणले असते," तो म्हणाला.

मामंजींनी काठीचे टोक ओले करून खडूची रेघ स्वतः पुसली. जरा जोर द्यावा लागला, कारण ती महिनाभर राहिली होती. कोळीण दुसऱ्या दिवशी आली, टोपली उतरवली, आणि मला म्हणाली, "मी बोल्लेला मांगं घेत न्हाय. पन हे ताजं बोंबील हान, म्हाताऱ्याला घाल."

उद्घाटन दिवाळीच्या चार दिवस आधी झाले. आळीच्या तोंडाशी विटांचा छोटा खांब बांधून त्यावर संगमरवरी पाटी बसवली होती: रस्ता अकरा फुटांचा अठरा फूट झाला, नागरिकांच्या त्यागाने झाला, आणि खाली अध्यक्षांचे नाव त्यागापेक्षा मोठ्या अक्षरात. फीत कापली, मोटार आळीतून बंदरापर्यंत गेली आणि परत आली. चारित्र्याचे वाक्य तेव्हाच झाले. मग मामंजींना खुर्चीत बसवून शाल आणि नारळ दिला. "या वृद्ध गृहस्थाने," अध्यक्ष म्हणाले, "स्वतःच्या घराचा पुढचा भाग स्वतः काढून दिला."

मामंजींना दोन शब्द बोलायला सांगितले. ते म्हणाले, "मी विशेष काही केलेलं नाही." हा विनय समजला गेला आणि टाळ्या पडल्या.

नरकचतुर्दशीला पहाटे न्हाणीच्या चुलीत झापे घालताना सासूबाई खोकू लागल्या. "यंदा त्याग ओला राहिलाय," त्या म्हणाल्या. "धूर फार करतोय." यजमान बोटीने आले होते. त्यांना सगळे सांगेपर्यंत पाणी दोनदा तापवावे लागले.

एस.टी. त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आळीतून गेली. ज्येष्ठात झापे बांधली गेली तेव्हा ड्रायव्हर आळीच्या तोंडाशी थांबला, खाली उतरला, पाहिले, आणि गाडी मागे घेतली. तेव्हापासून पावसाळ्यात गाडी बाहेरच्या रस्त्याने जाते. रस्ता अरुंद कसा झाला हे नगरपालिकेत कुणी विचारले नाही. अध्यक्षांची एका वर्षाची मुदत संपली होती.

मग आळी बदलत गेली, ती आपापल्या सोयीने. विजेचे खांब आले. नळीची कौले उतरून मंगलोरी चढली. शिंप्याने पडवीला जाळी बसवली. कोपऱ्यावरचे घर पाडून सिमेंटची दुमजली इमारत झाली. तिची गॅलरी बारा महिने गटाराच्या पुढे येते, पण ती पक्की असल्यामुळे तिला अतिक्रमण म्हणत नाहीत. मामंजी शेवटपर्यंत त्याच जागी बसले. त्यांच्या अंगठ्याने ओट्याच्या कडेचा दगड गुळगुळीत झाला आहे, असे सासूबाई म्हणत. मला तो आळीतल्या सगळ्या दगडांसारखाच दिसतो. मी हल्ली तिथेच बसून वाचते.

संगमरवरी पाटी अजून आहे. ती समुद्राकडे तोंड करून बसवलेली असल्यामुळे पहिल्याच पावसात तिच्या अक्षरांतला काळा रंग वाहून गेला. तेव्हापासून नगरपालिका दर वर्षी ज्येष्ठात तिच्यापुढे झाप बांधते. ते रस्त्यात साडेतीन फूट येते.